दात हलायच्या आधी

“दात साफ करून घेऊ नको, हालाले लागतीन.” मानोरा तालुक्यात, आणि तसं पाहिलं तर सगळ्या वऱ्हाडात, हा सल्ला मोठ्या खात्रीनं दिला जातो. तो उडवून लावण्याआधी सल्ला देणाऱ्यानं काय पाहिलंय ते ऐकून घ्यावं, कारण त्यानं पाहिलेलं खोटं नसतं. कुणीतरी पन्नाशीत पहिल्यांदा दातांची सफाई करून घेतो. डॉक्टर खालच्या पुढच्या दातांमागून पिवळट-तपकिरी टणक तुकडे काढतात. माणूस घरी येतो तर जीभ दातांच्या फटीत जाते, थंड पाण्यानं झिणझिण्या येतात आणि एखादा दात खरोखरच हलत असतो. सफाईच्या आधी यातलं काही जाणवत नव्हतं. मग दोष सफाईचाच, असं चारचौघांना वाटलं तर नवल नाही.

खरा प्रकार असा की दात हलण्याचं काम दहा-पंधरा वर्षांपूर्वीच सुरू झालेलं असतं. दात हिरडीत रोवलेला नसतो, तो जबड्याच्या हाडात असतो. हाड आणि दाताचं मूळ यांच्यामध्ये बारीक तंतू ताणलेले असतात, त्यांनी तो धरून ठेवलेला असतो. हिरडी म्हणजे वरचं आवरण. पावसानं माती खचत जाऊन धुऱ्यावरच्या झाडाची मुळं उघडी पडावीत, तसं हिरड्यांच्या आजारात मुळाभोवतीचं हाड खाली खाली सरकत जातं. दात हलू नये म्हणून निसर्गानं तिथं दुसरा आधार ठेवलेला नाही. पण त्याच वेळी दातांवर दगडासारखा थर साचत असतो, ज्याला आपण कीटण म्हणतो. ते चार-सहा दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं, फटी बुजवतं, उघडं पडलेलं मूळ झाकतं. सफाईनं हे खोटं टेकण निघतं आणि आत किती हाड उरलंय ते कळतं. सफाई तिशीत झाली असती तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं, म्हणून तशा सफाईची गोष्टही गावात कुणी सांगत नाही.

कीटण येतं कुठून? आपण दात घासून चूळ भरली की काही तासांतच दातांवर एक चिकट, डोळ्यांना न दिसणारा थर बसायला लागतो. नखानं दात खरवडला तर पांढरट लगदा येतो, तो हाच. तो अन्नाचा उरलेला कण आहे असा सर्वसाधारण समज आहे, पण तो मुख्यतः जिवाणूंचा थर असतो. हॉलंडमधल्या अंतोनी व्हान लेव्हेनहुक या कापड-व्यापाऱ्यानं १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा असाच लगदा आपल्या हातानं बनवलेल्या भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव दिसल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं. जिवाणू माणसाच्या नजरेला पडले त्यातले अगदी सुरुवातीचे हे दाताच्या मळातले.

हा थर तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरतं आणि एक-दोन दिवसांतच तो टणक व्हायला लागतो. म्हणून कीटण सगळीकडे सारखं साचत नाही. लाळेच्या ग्रंथी जिथं उघडतात तिथं ते जास्त. आत्ता हे वाचता वाचता जीभ खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, हिरडीजवळ फिरवून पाहा. तिथं गुळगुळीत दाताऐवजी खरखरीत कड लागली तर ते कीटण. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू. एकदा दगड झाला की ब्रश, राखुंडी, मीठ, लिंबू, काहीही लावा, तो निघत नाही. तो डॉक्टरांच्या हत्यारानंच काढावा लागतो. खरा त्रास मात्र दगडापेक्षा त्याच्या खडबडीत पाठीवर रोज बसणाऱ्या ताज्या जिवाणूंचा असतो.

आता रक्ताची गोष्ट. दात घासताना थुंकीत लाल धार दिसली की घरोघरी एकच उपाय होतो: त्या बाजूला ब्रश लावणं बंद. हिरडी नाजूक झालीय, तिला आराम द्या. नेमका इथंच आजाराला रान मोकळं मिळतं. हिरडी नाजूक झालेली असते ती तिथं थर साचल्यामुळे. शरीर जिवाणूंशी झुंजायला त्या भागात रक्त पाठवतं, केशवाहिन्या फुगतात, आतली त्वचा पातळ होऊन फाटते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. ब्रश थांबवला की थर वाढतो, थर वाढला की रक्तही वाढतं.

हे अनुमान म्हणून सांगत नाही, प्रयोग करून पाहिलेलं आहे. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट दात घासायला सुरुवात केल्यावर आठवडाभराच्या आसपास सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, इंजेक्शन नाही. रक्त येणाऱ्या जागी मऊ ब्रशनं, हळू पण रोज घासत राहिलं तर आठ-दहा दिवसांत रक्त थांबायला हवं. न थांबलं तर आत कीटण आहे किंवा दुसरं काही कारण आहे, आणि मग दाताच्या डॉक्टरांकडे जायचं. आजाराची ही पहिली पायरी पूर्ण परतीची असते. पुढची नसते.

पुढची पायरी म्हणजे ज्याला आपल्याकडे सरसकट पायोरिया म्हणतात ती. सूज हिरडीपुरती न राहता खाली उतरते, तंतू तुटतात, हाड झिजतं आणि हिरडी व दात यांच्यामध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीतही अशी खाच असते, पण ती एक ते तीन मिलिमीटर. चार, पाच, सात मिलिमीटर खोल खिशात ब्रशचे केस पोचत नाहीत, आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना हवी तशी जागा मिळते. तोंडाचा वास, सकाळी जिभेला लागणारी खारट-लोखंडी चव, दातांमध्ये अचानक पडलेली फट, दात लांब झाल्यासारखे दिसणं ही याची चिन्हं. दुखणं मात्र बहुधा नसतंच, आणि हीच या आजाराची खरी खोड. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळची पहिली एसटी धरून मंगरूळपीर, कारंजा नाहीतर दिग्रस गाठतो. हिरडी वीस वर्षं सडली तरी एका रात्रीची झोप मोडत नाही. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापसाच्या वेचणीत मजुरी बुडवून न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात कोण जाईल? जात नाहीत, आणि त्यासाठी त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

उपचाराला न गेल्यावर सगळ्यांचं सारखंच होतं का? याचं उत्तर देणारा अभ्यास आपल्या शेजारचाच आहे. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर राबणाऱ्या ४८० तमिळ मजुरांचे दात १९७० पासून पंधरा वर्षं तपासले गेले. हे मजूर ब्रश वापरत नव्हते, दंतवैद्य त्यांनी पाहिलेला नव्हता, प्रत्येकाच्या दातांवर थर आणि कीटण होतं. तरीही त्यांचे तीन गट पडले. सुमारे ११ टक्क्यांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचं हाड हळूहळू झिजलं, पंचेचाळिशीपर्यंत त्यांनी सरासरी सात दात गमावले. आणि ८ टक्क्यांचं मात्र इतक्या वेगानं झिजलं की त्याच वयात तोंडात एकही दात उरला नाही. “माझ्या आजोबांनी आयुष्यात ब्रश पाहिला नाही, तरी ऐंशीव्या वर्षी हरभरे फोडायचे,” असं सांगणाऱ्यांचे आजोबा त्या अकरा टक्क्यांतले. आजोबा खरेच असतात, पण नातू कोणत्या गटातला आहे ते आधी कळायची सोय नाही. आईवडिलांपैकी कुणाचे दात चाळिशीत पडले असतील तर मात्र सावध व्हावं, कारण या आजारात घराण्याचा वाटा असतो.

भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातल्या सुमारे ८९.६ टक्के लोकांना हिरड्यांचा कुठला ना कुठला विकार आढळला, आणि बारा वर्षांच्या मुलांमध्येही ५७ टक्क्यांना. यात नुसतं रक्त येणं आणि कीटण असणंही धरलेलं आहे, तेव्हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही.

आता पानठेल्याकडे वळू, कारण विदर्भात हिरड्यांविषयी लिहायचं आणि खर्ऱ्याला वगळायचं हे शक्य नाही. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाला ती लाकडावर जोरजोरात घासतो. दोन-तीन मिनिटांत चुना सुपारीला चढतो, मिश्रण गरम, ओलसर होतं, पुडी बांधून हातात येते. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, खर्रा घोटण्याचा आवाज काही थांबलेला नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, बिडी-सिगारेट ओढणारे त्यामानानं फारच कमी, ३.८ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा तंबाखू ओढण्यापेक्षा चघळण्यातच जातो, आणि थेट हिरडीला लागून बसतो.

तो तिथं काय करतो? तंबाखू जिथं धरतात, गलफडात किंवा खालच्या ओठामागं, तिथली हिरडी मागं सरकते आणि मूळ उघडं पडतं. सुपारीचे तंतू फटीत रुततात, ते काडीनं, पिनेनं कोरताना हिरडी आणखी फाटते. सुपारीनं गालाची आतली कातडी हळूहळू टणक होते आणि तोंड उघडेनासं होतं. आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहावं. जात नसतील तर हिरड्यांचा विचार नंतर, आधी त्यासाठी डॉक्टरांना दाखवावं, कारण ती कर्करोगाच्या वाटेवरची अवस्था असू शकते. शिवाय तोंडच न उघडल्यामुळे ब्रश दाढांपर्यंत जात नाही, आणि डॉक्टरांचं हत्यारही.

बिडीचा प्रकार आणखी फसवा. तंबाखूच्या धुरातल्या निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत हाड झिजत असूनही रक्त फारसं येत नाही. सुरुवातीचा इशारा होता, तोही बंद. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्या फिकट, घट्ट, वरवर छान दिसतात. त्यांच्यावर उपचारही इतरांपेक्षा कमी लागू पडतात.

बायकांकडे हा तंबाखू वेगळ्या वाटेनं येतो. दाढ दुखायला लागते, कुणीतरी जाणती बाई सांगते, जाळलेल्या तंबाखूची मिश्री दाबून धर. ठणका थोडा वेळ थांबतो, आणि सवय मात्र जन्माची लागते. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, काम सुचत नाही इथपर्यंत गाडी येते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात १९९२ मध्येच बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोण अडवणार? सोडायची इच्छा असेल तर १८०० ११ २३५६ हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे, फोन मोफत लागतो.

राखुंडी आणि कडुनिंब-बाभळीच्या काडीबद्दल माझं मत जरा मवाळ आहे. ताजी काडी चावून तिचा कुंचला नीट केला आणि वेळ दिला तर दातांची पुढची बाजू चांगली स्वच्छ होते. पण काडी आतल्या बाजूला वळत नाही, आणि कीटण तर तिथंच साचतं. राखुंडी, कोळसा, विटेची पूड बोटानं आडवी घासली की दात काही दिवस पांढरे दिसतात आणि हिरडीजवळ दाताला खाच पडते. बोट दातांच्या फटीत शिरत नाही हे वेगळंच.

मग करायचं काय? मऊ ब्रश, तिरका धरायचा, अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर टेकतील असा. जागच्या जागी हलकेच थरथरवायचा आणि मग दाताच्या टोकाकडे झटकायचा. जोर नको. ब्रशचे केस महिन्याभरात फाकत असतील तर तुम्ही भांडी घासताय. एकूण दोन मिनिटं, आणि दिवसातून दोनदा जमत नसेल तर रात्रीचं घासणं सोडू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. ज्यांच्या दातांत फटी पडल्यात त्यांनी औषधाच्या दुकानातून बारीक, बाटलीच्या ब्रशसारखा दिसणारा फटींचा ब्रश आणावा. हिरड्यांच्या आजारात महागड्या पेस्टपेक्षा तो जास्त कामाचा. क्लोरहेक्सिडिनची गुळणी चांगली, पण दोन आठवडेच आणि डॉक्टरांनी सांगितली तर. जास्त दिवस वापरली की दात तपकिरी पडतात आणि जेवणाची चव बिघडते. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी पायोरिया बरा होत नाही. सूज उतरते, रोगी खूश होतो, कीटण जागच्या जागी राहतं.

दाताच्या डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी नुसतं टॉर्च मारून “सफाई करावी लागेल” म्हटलं तर तपासणी अर्धीच झाली असं समजा. हिरडीची तपासणी मोजपट्टीनं होते. टोकाला बोथट, मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई असते. ती प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हळूच खाली सरकवतात आणि आकडे सांगत जातात: तीन, तीन, पाच; दोन, चार, सहा. मदतनीस लिहून घेतो. कुठं किती खिसा आहे, कुठून रक्त आलं, याचा तो नकाशा असतो. तो मागून घ्यायला संकोच करू नये. त्यानंतर वरची सफाई, मग गरज असेल तिथं भूल देऊन हिरडीच्या आतल्या मुळांची सफाई. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तेच आकडे मोजायचे. बहुतेक खिसे उथळ झालेले असतात. जे पाच-सहा मिलिमीटरच्या खाली येत नाहीत, तिथं हिरडी उघडून साफ करायची छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. गेलेलं हाड बहुतांशी परत येत नाही, पण झीज थांबते. आणि दर तीन-चार महिन्यांनी दाखवत राहिलं तर थोडे हलणारे दातही पुढं कित्येक वर्षं टिकतात. सफाईनंतरच्या झिणझिण्या साधारण काही आठवड्यांत कमी होतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं. ते न सांगितल्यामुळेच सुरुवातीचा तो सल्ला गावभर होतो.

तीन प्रकारच्या रोग्यांना मात्र थांबून चालत नाही. पहिले मधुमेही. साखर जास्त असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांत सूज असली की साखर आटोक्यात येत नाही, असा दुहेरी फास आहे. अनेक चाचण्या एकत्र पाहणाऱ्या कोक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, सुमारे ०.४ नं उतरलेला दिसला. मधुमेहाची जादा गोळी जे करते त्याच्या जवळपास जाणारा हा फरक आहे. दुसऱ्या गर्भवती. संप्रेरकांमुळे त्यांच्या हिरड्या थोड्याशा थरानंही फुलतात. “पोटुशी बाईनं दाताला हात लावू नये” हे चूक आहे, चौथ्या ते सहाव्या महिन्यात सफाई खुशाल करता येते. तिसरे रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनसारख्या किंवा मिरगीच्या फेनिटॉइनच्या गोळ्या घेणारे. या औषधांनी काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, दोन्ही डॉक्टरांना सांगायचं. आणि हिरड्या अचानक सुजून रक्त थांबेना, सोबत ताप, थकवा, अंगावर लाल-निळे डाग असं दिसलं तर आधी रक्ताची तपासणी.

सोय कुठं आहे? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. मानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधी चौकशी करावी, दाताचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात आणि सफाईचं यंत्र चालू आहे का ते विचारावं, नाहीतर वाशिमचं जिल्हा रुग्णालय. मुळांची सफाई किंवा शस्त्रक्रिया लागणार असेल तर दंत महाविद्यालय बरं, कारण तिथं हिरड्यांचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खाजगीपेक्षा कमी. अमरावतीला, सावंगी मेघेला आणि नागपूरला ती आहेत, नागपूरचं सरकारी.

अडचण वेळेची आहे, आणि तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर ती जास्तच. कामासाठी घराला कुलूप लावून सहा-सहा महिने बाहेर राहणाऱ्या कुटुंबाला “आठ आठवड्यांनी दाखवा” सांगून उपयोग नाही. अशांनी पहिली सफाई गावी परतल्याबरोबर उन्हाळ्यात करून घ्यावी, म्हणजे फेरतपासणी पावसाळ्यात, पुन्हा निघायच्या आधी बसते. रामनवमीला तालुक्यातल्याच पोहरादेवीत बंजारा समाजाचे लाखो लोक दूरदूरहून एकत्र येतात. त्या गर्दीत प्रथमोपचाराच्या तंबूशेजारी एक टेबल, चार आरसे, ती मिलिमीटरची सळई आणि त्यांची गोरमाटी बोली बोलणारा एखादा तरुण दंतवैद्य बसवला तर दिवसभरात जेवढी तोंडं तपासून होतील, तेवढी एरवी वर्षभरात कुठल्या दवाखान्यात येत नाहीत.